मनाची संथा



वेदपठणाच्या परंपरेत ‘संथा’ हा शब्द मोठ्या आदराने उच्चारला जातो. गुरूने मंत्राचा एक भाग म्हणावा, शिष्याने तो त्याच स्वरात पुनःपुन्हा म्हणावा, आणि मंत्र जिभेवर पक्का बसेपर्यंत हा क्रम दिवसेंदिवस चालू राहावा, ह्याला संथा म्हणतात. संथा पूर्ण झाली म्हणजे मंत्र आठवावा लागत नाही. एका शब्दामागे दुसरा आपोआप येऊन उभा राहतो. पूजकाचे हात समईची वात सारखी करीत असतात, बेलाची पाने निवडीत असतात, आणि जिव्हा आपले काम अखंड करीत असते.

आपले मनही अहोरात्र अशीच संथा घेत असते. जो विचार आपण पुनःपुन्हा मनात म्हणतो तो पाठ होतो. एकदा पाठ झाला म्हणजे तो न बोलावता येतो, आणि आपण बोलतो, वागतो, निर्णय करतो ते त्या पाठाप्रमाणे. माणसे म्हणतात, “माझा स्वभावच असा.” पुष्कळदा तो स्वभाव नसून कधीकाळी नकळत घेतलेली एखादी संथा असते. आज श्रीचरणी मन ठेवून ह्याच एका गोष्टीचा विचार करू.

मी वयाने लहान आहे, आणि माझे शालेय शिक्षणही बेताचेच झाले आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ही गोष्ट मला स्वतःच्या फजितीतून कळली, म्हणून ती सांगण्याचे धाडस करतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या देवस्थानात श्रावणी सोमवारी लघुरुद्र होता. रुद्राच्या नमकाचे अकरा अनुवाक. त्याची अकरा आवर्तने करावयाची, आणि प्रत्येक आवर्तनामागे चमकाचा एकेक अनुवाक म्हणावयाचा, ही झाली एकादशणी. अकरा ब्राह्मणांनी प्रत्येकी एक एकादशणी केली म्हणजे एकशे एकवीस आवर्तने होतात आणि लघुरुद्र पूर्ण होतो. त्या अकरांत मी सर्वांत धाकटा होतो. सभामंडप महाजनांनी भरला होता. नमकाच्या पाचव्या अनुवाकापासून पुढे नामांच्या जोड्या एकीमागून एक येतात, आणि त्यांची बांधणी इतकी सारखी आहे की क्षणभर अवधान सुटले तर जीभ एका जोडीवरून भलत्याच जोडीवर उडी घेते. सातव्या अनुवाकात माझे तसेच झाले. मी अडखळलो. माझ्या शेजारचे दोघे थबकले, ज्येष्ठांनी स्वर उंच करून पाठ सावरून धरला, आणि अभिषेकाची धार न थांबता कार्य पुढे गेले. सारे मिळून चार-पाच निमिषांची गोष्ट. पुष्कळांच्या ध्यानातही आली नसेल.

परंतु माझ्या मनाने ती धरून ठेवली. प्रसादाच्या पंगतीत वाढताना मला वाटले, लोक माझ्याकडेच पाहत आहेत. रात्री अंथरुणावर तो क्षण पुनःपुन्हा डोळ्यांपुढे आला. दुसऱ्या सोमवारी पहाटे तळीवर स्नानाला उतरलो तेव्हा पहिला विचार आला तो हा की, आज सातव्या अनुवाकात पुन्हा चुकणार. आणि मी चुकलो. तिसऱ्या सोमवारी सातवा कसाबसा पार पडला, पण ती चूक टाळण्याच्या धास्तीत आठव्यात शब्द सुटला. ज्या रुद्राची संथा मी मुंज झाल्यापासून घेतली होती, तो मला एखाद्या परक्या माणसासारखा वाटू लागला. पुढे पुढे तर काही निमित्त काढून मी अभिषेकाच्या दिवशी देवळात जाणेच टाळू लागलो.

बाबांच्या ते ध्यानात आले होते. एके दिवशी महानैवेद्य झाल्यावर ते दीपस्तंभाजवळच्या पायरीवर बसले आणि त्यांनी मला हाक मारली.

“रुद्राची संथा तू कोणाकडे घेतलीस?” त्यांनी विचारले.

“तुमच्याकडेच, बाबा.”

“आणि चुकण्याची संथा कोणाकडे घेतोस?”

मला उत्तर सुचेना. ते शांतपणे म्हणाले, “त्या दिवशी तू एकदा चुकलास. नंतर मनात किती वेळा चुकलास, ते मोज. सकाळी उठताना, स्नानाला जाताना, जेवताना, निजताना. रुद्राचा पाठ तू दिवसातून एकदा म्हणतोस, आणि चुकण्याचा पाठ पन्नास वेळा. जो पाठ अधिक वेळा म्हटला तोच जिभेवर येणार. ह्यात जिभेचा काय दोष?”

मी विचारले, “मग तो विचार मनातून काढून कसा टाकू?”

“काढू नकोस. काढण्यासाठी त्याला धरावे लागते, आणि धरला की पुन्हा त्याचीच संथा. तू रुद्राची संथा नव्याने घे. पाचव्या अनुवाकापासून आरंभ कर, सावकाश म्हण, आणि पुढचा एक शब्द तेवढा पाहा. विचार आला तर येऊ दे. दारावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला आपण घरात बोलावून पाट मांडतो काय?”

त्या दिवसापासून सायंकाळची आरती झाल्यावर, सभामंडपातील माणसे पांगली म्हणजे, मी एका बाजूस बसून पाचव्या अनुवाकापासून नवव्यापर्यंत मंद गतीने म्हणू लागलो. पहिले काही दिवस सातव्याच्या आसपास छाती धडधडे. मी थांबे, श्वास घेई, आणि पुढचा शब्द पाही. श्रावण गेला, भाद्रपद गेला. कार्तिकात मी पुन्हा सर्वांच्या बरोबर अभिषेकाला बसलो. आता माझी भीती समूळ गेली आहे असे मी म्हणणार नाही. आजही त्या स्थळी आलो की मनाच्या कडेला किंचित कंप उठतो. परंतु तो उठतो आणि जातो. मी पाट मांडीत नाही.

असो. ह्या अनुभवानंतर मी श्रीमद्भगवद्गीतेचा दुसरा अध्याय पुन्हा वाचला, तेव्हा बासष्ट व त्रेसष्ट ह्या दोन श्लोकांपाशी थबकलो. ते मी लहानपणापासून पाठ म्हणत होतो, पण त्यांचा अर्थ मला त्या वेळी लागला. भगवंतांनी तेथे मनुष्याच्या अधःपाताची जणू पायरी न् पायरी मोजून दाखविली आहे. प्रथम विषयाचे चिंतन. चिंतनातून संग, म्हणजे ओढ. ओढीतून कामना. कामना अडली की क्रोध. क्रोधातून संमोह, म्हणजे काय योग्य आणि काय अयोग्य हे न दिसणे. संमोहातून स्मृतिभ्रंश. स्मृती गेली की बुद्धी गेली, आणि बुद्धी गेली की सर्वस्व गेले.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. आपण सर्व जण सावध होतो ते क्रोधाच्या पायरीवर. “मला राग आवरत नाही, काय करू?” असे विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु गीतेच्या मोजणीत क्रोध ही चौथी पायरी आहे. तेथे पोहोचेपर्यंत उताराला वेग आलेला असतो. घागर विहिरीच्या काठावर असताना तिला हाताने धरता येते. दोर सुटून ती खाली जाऊ लागल्यावर तळहात सोलून निघतो. धरण्याची जागा पहिल्या पायरीवर आहे, चिंतनापाशी आहे. ती पायरी इतकी सौम्य, इतकी निरुपद्रवी दिसते की आपण तिला पायरीच समजत नाही.

हे घरगुती उदाहरणाने पाहू. समजा, चतुर्थी जवळ आली आहे. मूळ घरी सर्व भाऊबंद जमावयाचे आहेत. धाकट्या भावाने थोरल्याला मोबाइलवर निरोप पाठविला की, यंदा माटोळीच्या सामानापैकी मी काय काय आणू? निरोप वाचल्याची खूण उमटली, पण उत्तर आले नाही. येथवर जे घडले ते एवढेच. आता मनाची संथा सुरू होते. “दादाने वाचले आणि उत्तर दिले नाही.” हे वाक्य दुपारपर्यंत दहा वेळा म्हटले जाते. सायंकाळी त्याला शेपूट फुटते, “मागच्या वर्षीही असेच केले होते.” रात्री पत्नीपाशी त्याचा उच्चार होतो, आणि तीही आपल्या आठवणीतील एखादे वाक्य त्याला जोडते. चार दिवसांत त्या एका खुणेचा मोठा ग्रंथ तयार होतो. त्यात आजीच्या दागिन्यांची वाटणी येते, बागायतीच्या उत्पन्नाचा हिशेब येतो, आणि कोण्या लग्नातील मानपान येतात. चतुर्थीच्या दिवशी दोघे भाऊ एकाच गणपतीपुढे उभे राहून एकच आरती म्हणतात, पण एकमेकांकडे पाहत नाहीत. आणि पुढे केव्हातरी कळते की, त्या दिवशी तो निरोप उघडला होता तो खेळता खेळता नातवाने. थोरल्याला तो दिसलाच नव्हता.

वाचकहो, हे उदाहरण मी कल्पिले आहे, परंतु आपल्यापैकी किती जणांना ते आपल्याच घरातील वाटले असेल, हे ज्याचे त्याने पाहावे. येथे भावाने भावाला दुखविले नाही. चार दिवसांच्या संथेने दोघांना दुखविले.

गीतेने सांगितलेली स्मृतिभ्रंशाची पायरी कशी असते, तेही मी देवळात पाहिले आहे. आपल्या गोमंतकातील पुष्कळ देवळांत कौलप्रसाद घेण्याची प्रथा आहे. देवाच्या अंगावर पाण्याने फुलांच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणे घालतात, आणि कोणती पाकळी सुटते ह्यावरून देवाची आज्ञा समजून घेतात. एकदा एक गृहस्थ जवळच्या आप्ताशी चाललेल्या जुन्या तंट्याविषयी विचारावयास आले होते. तंटा मिटवावा काय, हा त्यांचा प्रश्न. बाबांनी गाऱ्हाणे घातले. थोड्या वेळाने पाकळी पडली ती मिटवावा असे सांगणारी. गृहस्थ म्हणाले, “पुन्हा एकदा विचारा.” पुन्हा विचारले, पुन्हा तेच. ते म्हणाले, “प्रश्न नीट घातला गेला नसेल. आणखी एकदा.” तेव्हा बाबांनी उरलेल्या पाकळ्या हलक्या हाताने उतरवून घेतल्या आणि ते म्हणाले, “देवाला विचारावयास आलात, की देवाकडून वदवून घ्यावयास?” गृहस्थ काही न बोलता उठले. पुढे काय झाले ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण त्या दिवशी मला कळले की, मनातील पाठ फार पक्का झाला म्हणजे मनुष्य देवाच्या पायाशी बसूनही स्वतःचाच आवाज ऐकतो. आपण येथे कशासाठी आलो होतो, हेच तो विसरतो. हाच स्मृतिभ्रंश.

ह्यावर भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरताची कथा आहे. ऋषभदेवांचा हा पुत्र. त्याने दीर्घकाळ उत्तम राज्य केले, नंतर ते पुत्रांत वाटून दिले, आणि पुलहाश्रमात, गंडकीच्या तीरी, एकटा राहून तो भगवंताची आराधना करू लागला. राज्य सोडले, घर सोडले, सारे सोडले. एके दिवशी तो नदीकाठी बसला असता एक गर्भिणी हरिणी पाणी प्यावयास आली. इतक्यात सिंहाची गर्जना झाली. हरिणीने भयाने उडी घेतली, तिचे पाडस प्रवाहात पडले, आणि ती पलीकडे जाऊन मरण पावली. भरताला करुणा आली. त्याने पाडसाला पाण्यातून काढले आणि आश्रमात आणले.

येथवर त्याने जे केले त्यात दोष कोणता? काहीच नाही. बुडत्या जिवाला वाचविणे हा धर्मच आहे. परंतु पुढे संथा सुरू झाली. पाडस खाते काय, निजते कोठे, लांडग्याने तर नेले नसेल ना? पूजेला बसला की मध्येच उठून त्याला पाहून येई. हळूहळू यम गेले, नियम गेले, पूजा गेली. ज्याने सिंहासन सहज सोडले त्याला एक हरिणाचे पोर सोडवेना. अंतकाळी ते पाडस पुत्रासारखे शेजारी बसले होते, आणि त्याच्याच चिंतनात राजाचा प्राण गेला. पुढील जन्म हरिणाचा मिळाला.

ही कथा ऐकून कित्येक जण म्हणतात, एवढ्या मोठ्या तपस्व्याला एका अंतिम विचारासाठी केवढी ही शिक्षा! पण तो विचार अंतिम क्षणी नवा आलेला नव्हता. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवंत सांगतात की, अंतकाळी जो भाव स्मरतो त्याला मनुष्य प्राप्त होतो, आणि तो भाव स्मरतो ह्याचे कारण मनुष्य सदैव त्याच भावाने भारलेला असतो. शेवटचा क्षण हा परीक्षेचा दिवस. त्या दिवशी जे पाठ असेल तेच जिभेवर येणार. भरताने जो पाठ घोकला तो त्याला आला.

मात्र कथा येथे संपत नाही, आणि तिचा उरलेला भाग मला अधिक धीर देणारा वाटतो. हरिणाच्या जन्मातही भरताला पूर्वीची स्मृती राहिली. आपण कोठे चुकलो हे त्याला ठाऊक होते. तो कळप सोडून पुन्हा पुलहाश्रमाजवळ आला आणि वाळलेली पाने खाऊन देहाचा अंत होण्याची वाट पाहत राहिला. नंतरच्या जन्मात तो ब्राह्मणकुळात आला, सर्व संग टाळून वेडगळासारखा राहू लागला, आणि म्हणूनच त्याला जडभरत हे नाव पडले. ह्याच जडभरताने पुढे सिंधुसौवीर देशाच्या रहूगण राजाची पालखी वाहता वाहता त्याला आत्मज्ञान सांगितले. म्हणजे पाडसाच्या चिंतनाची संथा वाया गेली नाही, तशी पूर्वीच्या आराधनेचीही गेली नाही. वाईट पाठ फळतो हे खरे, पण चांगला पाठही बुडत नाही. हा हिशेब दोन्ही बाजूंनी खरा आहे.

आता एक सावधगिरीची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. अलीकडे असे सांगणारे पुष्कळ झाले आहेत की, जे जे मनात आणाल ते ते घडेल, आणि ज्याच्यावर संकट आले त्याच्या विचारांतच खोट होती. हे आपल्या शास्त्रांचे म्हणणे नव्हे, आणि हे बोलणे दुखावलेल्याला आणखी दुखविणारे आहे. विचाराने पूर थांबत नाही. सद्विचारी माणसाच्या घरीही रोग येतो, तान्हे मूल दगावते, पीक बुडते. जे आपल्या हाती नाही त्याचा दोष आपल्या मनावर लादणे म्हणजे आणखी एक वाईट संथा घेणे होय. घटना नेहमी आपल्या हाती नसते. घटनेनंतर मनात काय घोकावयाचे, हे मात्र पुष्कळ अंशी आपल्या हाती असते.

ह्याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलाखालील साष्टी, तिसवाडी, बारदेश ह्या महालांत देवळे पाडली गेली. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, नदीपार प्रियोळ गावी आणला गेला. श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळे येथे आली. तो अंत्रुज महाल त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर होता. ज्यांनी गाव सोडला, शेत सोडले, पिढ्यान् पिढ्या ज्या पायऱ्यांवर माथा टेकला त्या पायऱ्या सोडल्या, त्यांना दुःख झाले नसेल काय? परंतु त्यांनी नव्या जागी प्रथम काय केले? देव ठेवला, दिवा लावला, आणि पूजा सुरू केली. देऊळ गेले हे वाक्य घोकण्यात त्यांनी सारा जन्म घालविला असता, तर आज आपण ज्या पूजांना, पालख्यांना आणि जत्रांना जातो त्या कोठून असत्या? गेलेल्याचे स्मरण त्यांनी टाकले नाही. मूळ गावांची नावे आपल्याला आजही ठाऊक आहेत. पण नित्याची संथा त्यांनी दिव्याची घेतली. मोडलेल्या भिंतीची घेतली नाही.

तसेच, काही मने केवळ सवयीने नव्हे तर रोगाने पीडलेली असतात. आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था झाली तर “नामस्मरण कर म्हणजे बरे वाटेल” एवढेच सांगून त्या माणसाला एकटे सोडू नये. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तर आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो, आणि येताना देवाच्या पायाही पडतो. मनाच्या रोगालाही तोच न्याय लावावा. त्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

मग साधना कोणती करावी? सहाव्या अध्यायात अर्जुनाने भगवंतांपुढे कबूल केले आहे की, मनाला आवरणे हे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण वाटते. अर्जुनासारख्या वीराने जे कबूल केले ते कबूल करण्यात आपल्याला लाज कसली? भगवंतांनीही त्याला नाकारले नाही. मन चंचल आहे हे मान्य करून त्यांनी दोन उपाय सांगितले, अभ्यास आणि वैराग्य. पतंजलींच्या योगसूत्रांतही हेच दोन उपाय आहेत. अभ्यास म्हणजे चांगला पाठ पुनःपुन्हा म्हणणे. वैराग्य म्हणजे वाईट पाठाला पाट न मांडणे. पतंजलींनी आणखी एक सोपी युक्ती सांगितली आहे. घातक विचार त्रास देऊ लागला म्हणजे त्याच्या उलट भावना मनात धरावी. तिला प्रतिपक्षभावना म्हणतात.

संसारी माणसाला ह्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तिन्हीसांजेला आपण देवापुढे दिवा लावतोच. त्या वेळी हात जोडून क्षणभर स्वतःला एवढेच विचारावे की, आज दिवसभर मी कोणते वाक्य घोकले? बहुधा एकच वाक्य सापडेल. “माझ्याकडे कोणी पाहत नाही.” “मला कधीच जमणार नाही.” “त्याने मला फसविले.” ते वाक्य सापडले की त्याच्याशी वाद घालू नये. ते खरे किती आणि आपण जोडलेले किती, एवढे पाहावे. मग त्याच्या जागी एक दुसरे, खरे आणि करता येण्यासारखे वाक्य ठेवावे. “दादाने उत्तर दिले नाही” ह्याच्या जागी “उद्या सकाळी मीच फोन करीन” हे वाक्य ठेवले, तर चार दिवसांचा ग्रंथ लिहिलाच जात नाही. आणि मनाला बोलताना कठोर होऊ नये. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोकांत मनाला बोध केला, पण संबोधिले ते सज्जन म्हणून. जो मनाला दिवसरात्र शिव्या देतो तो मनाला शिव्यांचीच संथा देतो.

मुलांच्या बाबतीत तर आपण विशेष जपावे, कारण त्यांचे पहिले गुरू आपण. “तू ढ आहेस”, “तुझ्याने काही होणार नाही”, ही वाक्ये रागाच्या भरात आपण एकदा म्हणतो, आणि ते मूल त्यांची आवर्तने पुढे वर्षानुवर्षे करते. ज्यांच्या हाती संथा देण्याचा अधिकार आहे, त्यांनी मंत्र निवडून द्यावा.

बाबांचा आवाज आता पूर्वीसारखा चढत नाही. आठव्या-नवव्या अनुवाकापर्यंत येता येता त्यांना दम लागतो, आणि मग ते माझ्याकडे पाहतात. मी पाठ पुढे उचलतो. त्या क्षणी माझ्या मनात कोणते वाक्य उठावे ह्याची तयारी आदल्या दिवशी सायंकाळी रिकाम्या सभामंडपात झालेली असते.

हे परमेश्वरा, आमच्या जिभेवर तुझे नाम आहे, परंतु त्याच्या तळाशी मन काय म्हणत असते ते तूच ऐकतोस. तो पाठ शुद्ध करून घेण्याची बुद्धी आम्हांस दे. चुकलो तर पुन्हा आरंभापासून म्हणण्याचा धीर दे, आणि आमच्या घरांतून मुलांच्या कानी पडणारा पहिला पाठ प्रेमाचा असू दे.

शुभं भवतु.